सहा जण, दोन खोल्या आणि मधला दरवाजा

लाँग वीकेंडला आम्ही सहा जण शहरातल्या हॉटेलात राहून आलो, आई-बाबा, आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी. शहर बघून झालं, फोटो भरपूर काढले, पोरं खूश. पण मला लिहायचंय ते मुक्कामाबद्दल. म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असली की ट्रिप कशी जाणार हे रात्री झोप लागते का, बाथरूममध्ये पाय घसरतो का आणि गरज पडली तर आपण किती पटकन त्यांच्यापाशी पोचतो यावरच ठरतं असं माझं ठाम मत झालंय आता.

बाबांना डायबेटिस आहे, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. आईचे गुडघे गेलेत. धाकटीला आजीच्या कुशीत झोपायचं असतं पण मधेच उठून मी लागते. म्हणून मला दोन खोल्या हव्या होत्या ज्यांच्या मधे दरवाजा असेल, म्हणजे कनेक्टिंग रूम्स. सहा जणांना एकच मोठी खोली घेऊन वर दोन गाद्या टाकून मिळतील का असं नवऱ्याने विचारून बघितलं होतं पण ते सहसा जमत नाही, प्रत्येक खोलीत जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात हे ठरलेलं असतं आणि त्यात आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा हिशोबही असतो, त्यामुळे जास्त पैसे देतो म्हणून भागत नाही. लहान मूल आई-बापाच्या बेडवर झोपणार असेल तर बऱ्याच ठिकाणी चालतं, पण किती वयापर्यंत ते प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं.

बुकिंगच्या साइटवर कनेक्टिंग रूम असा पर्याय क्वचितच दिसतो. खाली 'स्पेशल रिक्वेस्ट' म्हणून एक चौकोन असतो, त्यात लिहायचं, आणि बाजूला बारीक अक्षरात असतंच की उपलब्धतेनुसार देऊ. म्हणजे खोलीचा प्रकार पक्का, बाकी सगळं नशिबावर. म्हणून आम्ही थेट हॉटेलला फोन केला आणि रिझर्वेशनच्या माणसाशी बोललो. त्याने सांगितलं की अशा जोड्या अख्ख्या हॉटेलात मोजक्याच असतात, ठराविक मजल्यांवर, आणि दोन बुकिंग वेगवेगळ्या नावाने झाली तर सिस्टिमला कळतच नाही की ही एकच फॅमिली आहे, त्यामुळे ती दोन्ही एकमेकांना जोडून घ्यावी लागतात. ते त्याने फोनवरच केलं. मग मी म्हणलं हे सगळं मेलवर द्या. आणि त्याच मेलमध्ये बाकीचंही विचारून घेतलं, बाथरूममध्ये टब आहे का सरळ उभं राहायचा शॉवर आहे, भिंतीला धरायची दांडी आहे का, गाडीतून उतरल्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, खोली लिफ्टपासून लांब आहे का, इन्सुलिन ठेवायला चालू फ्रीज मिळेल का, आणि डबल बेड म्हणजे खरंच एकसंध आहे का दोन सिंगल जोडलेले आहेत. हे शेवटचं लहान मूल असेल तर नक्की विचारा, जोडलेल्या बेडच्या मधे फट पडते, मूल लोळत लोळत बरोब्बर तिथे जातं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी परत फोन केला. खोल्यांचे नंबर बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी लावतात, त्यामुळे महिन्याभरापूर्वी दिलेला शब्द त्या क्षणी कोणीतरी आठवून द्यावा लागतो. फ्रंट ऑफिसमधल्या मुलीने सांगितलं हो मॅडम, नोट आहे.

आम्ही सकाळीच पोचलो आणि चेक-इन दुपारी दोनला. सामान त्यांनी लगेच घेतलं, टॅग लावून पावती दिली, पण खोल्या तयार नव्हत्या. यावर चिडणारी माणसं मी काउंटरवर बघितली, मला तरी ते पटत नाही. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर तीच खोली कोणीतरी अकरा-बाराला सोडणार, मग ती सिस्टिममध्ये रिकामी पण अस्वच्छ अशी दिसणार, मग हाउसकीपिंगवाले चादरी बदलणार, बाथरूम धुणार, मग सुपरवायझर येऊन तपासणार आणि मगच ती फ्रंट डेस्कला देता येणार. सुट्टीच्या दिवशी सगळे एकदम सोडतात आणि सगळे एकदम येतात, मधे हातात दोन-तीन तास. आम्ही बाबांचा गोळ्यांचा डबा, इन्सुलिनचं पाउच, पोरांचे कपड्यांचे जोड एका वेगळ्या बॅगेत ठेवले होते, ती बॅग जवळ ठेवली आणि बाकी सगळं दिलं, त्यामुळे लॉबीत बसून राहायला काही वाटलं नाही.

खरा प्रश्न दुपारी आला. किल्ली म्हणून देतात ती कार्डं हातात मिळाली, अकराव्या मजल्यावर गेलो, खोल्या छान, शेजारी शेजारी, पण मधे दरवाजाच नाही. भिंत. शेजारच्या खोल्या दिल्या की काम झालं असं बऱ्याच ठिकाणी धरतात. नवरा म्हणाला जाऊ दे, बाजूलाच तर आहेत. मला मात्र जाऊ द्यायचं नव्हतं, कारण रात्री तीनला आईने हाक मारली तर मला ती भिंतीपलीकडून ऐकू येणार नव्हती. खाली जाऊन मेल दाखवला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅम, ते सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी असतं.’ मी म्हणलं, बरोबर आहे, पण तुमच्याच मेलमध्ये कन्फर्म लिहिलंय, आणि माझ्या वडिलांची रात्री शुगर कमी होते म्हणून मी हे मागितलंय, हौस म्हणून नाही. आवाज चढवला नाही, फक्त तिथून हललेही नाही. मग ड्यूटी मॅनेजर आल्या. त्यांनी स्क्रीनवर बघून सरळ सांगितलं की आमच्यासाठी ठेवलेल्या जोडीतल्या एका खोलीतल्या पाहुण्यांनी मुक्काम वाढवलाय आणि आम्हाला ते आधी कळवायला हवं होतं. दुसरी जोडी तिसऱ्या मजल्यावर होती, रस्त्याच्या बाजूची, दीड तासात तयार होणार. आम्ही ती घेतली. आवाज येईल हे त्यांनी आधीच सांगितलं.

मला तिसरा मजला उलट बरा वाटला. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते आणि आई अकरा मजले जिन्याने उतरूच शकत नाही. तीन मजले धरून धरून उतरेल. रस्त्याचा आवाज हा त्याचा मोबदला. खोलीच्या दारामागे बाहेर पडायचा नकाशा लावलेला असतो, तो मुलाला वाचायला दिला, मग तो आणि नवरा कॉरिडॉरमध्ये जाऊन आमच्या दारापासून जिन्याच्या दारापर्यंत मधे किती दारं आहेत ते मोजून आले. धुरात दिसत नाही, भिंतीला हात लावून दारं मोजतच जावं लागतं. त्याला ते काम फार आवडलं आणि आजोबांना त्याने दोनदा समजावून सांगितलं.

काउंटरवरची एक गोष्ट मला आवडली, खोलीचे नंबर त्या मुलाने मोठ्याने सांगितले नाहीत, कागदाच्या पाकिटावर लिहून पुढे सरकवले. आजूबाजूला दहा माणसं उभी असताना हे असंच व्हायला हवं. कार्डावर नंबर छापलेला नसतो तोही याचसाठी. मुलाने विचारलं की आधीच्या माणसाने कार्ड परत दिलंच नसेल तर तो रात्री येऊन दार उघडेल की. प्रश्न चांगला होता. नव्या पाहुण्याचं कार्ड लावलं की कुलूप नवा कोड घेतं आणि जुनं कार्ड बाद होतं. ही कल्पना नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांची, १९७० च्या दशकातली, तेव्हा ते ३२ भोकांची जागा असलेलं प्लॅस्टिकचं कार्ड होतं आणि भोकं कुठे पाडली यावरून कुलूप ओळखायचं, त्यातून अब्जावधी वेगवेगळी कार्डं बनायची. आता चिप असते पण पाहुणा बदलला की किल्ली बदलायची हे तेच.

पैशांचंही एक सांगते. चेक-इनला त्यांनी क्रेडिट कार्डावर ठराविक रक्कम ब्लॉक केली. ती कापली जात नाही, फक्त तुमच्या लिमिटमधून बाजूला ठेवतात आणि शेवटी सोडून देतात. डेबिट कार्ड दिलं तर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात, सुट्टीत नेमके तेच पैसे हवे असतात. दोन खोल्या म्हणजे दोन ब्लॉक, हे धरून चाला.

आता तो मधला दरवाजा. तो एक नसतो, दोन असतात, पाठीला पाठ लावून, मधे जेमतेम चार बोटांची जागा. प्रत्येक दाराची कडी फक्त आपल्या बाजूने, पलीकडच्या अंगाला हँडलच नाही, नुसती सपाट फळी. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं दार उघडलं तरच वाट होते. शेजारी अनोळखी माणूस असेल तेव्हा हीच सोय असते, आपली कडी लावली की संपलं. आईला मात्र हे कळेपर्यंत ती दार ढकलून दमली, मग मी आमच्या बाजूने उघडलं तर तिचं बंद, तिने उघडलं तर माझं परत लागलेलं. शेवटी दोन्ही दारं सताड उघडी टाकली आणि खालून रबराचे अडणे लावले, ते हाउसकीपिंगकडून मागून घेतले. रात्री एक दार चुकून लागलं तर सगळा खटाटोप फुकट गेला असता.

शॉवरवाली खोली आई-बाबांना दिली, टबवाली आम्ही घेतली. टबची कड गुडघ्याच्या वर येते, ती ओलांडायची म्हणजे ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहायचं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा. शॉवरपाशी धरायची दांडी होती पण बाबा हात टाकत होते ते टॉवेलच्या रॉडवर. तो टॉवेलचं वजन झेलायला ठोकलेला असतो, माणसाचं नाही. तिथे टॉवेल गुंडाळून ठेवला म्हणजे हात आपोआप दुसरीकडे जातो. घसरू नये म्हणून रबरी मॅट मागितली, पाच मिनिटांत आली. न मागता ठेवत नाहीत पण जवळपास प्रत्येक हॉटेलकडे असते.

इन्सुलिनचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठता कामा नये. खोलीतले छोटे फ्रीज आवाज करू नये म्हणून बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीचे असतात, कॉम्प्रेसरशिवायचे, त्यांना घरच्या फ्रीजसारखं गार करता येत नाही, आणि काही ठिकाणी तर दारापाशी खोचलेलं कार्ड काढलं की फ्रीजची वीजही जाते. मी थर्मामीटर नेला होता, संध्याकाळी बघितलं तर आत १३ अंश. बाबांचं वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं इंजेक्शन, बाहेरही चालतं, साधारण महिनाभर, फार उकाडा नसेल तर, पण जास्तीचं पेन फ्रीजमध्येच हवं. फ्रंट डेस्कला सांगितलं तर त्यांनी ते नाव लिहून त्यांच्या औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि चिठ्ठी दिली. खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये विकतच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्यालाच मिनीबार म्हणतात, आणि काही हॉटेलांत त्यात बाटलीखाली सेन्सर असतो, उचलून परत ठेवली तरी बिलात जाते. धाकटीने सगळ्या बाटल्या हलवून पाहिल्या होत्या म्हणून तो रिकामा करायलाच सांगितला.

पहिल्या रात्री आईला झोप नाही. अकरा वाजले, बारा वाजले, ती छताकडे बघत पडलेली. वय झालं म्हणून होतं असं ती म्हणत होती पण ते सगळ्यांनाच होतं. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना नव्या जागेतल्या पहिल्या रात्रीचं हे १९६० च्या दशकापासून माहितीये, आणि २०१६ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या टीमने दाखवलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा जागा असतो आणि अनोळखी आवाजाला पटकन दचकतो, दुसऱ्या वेळी हा फरक राहात नाही. आईला हे सांगितलं तर तिला बरं वाटलं, आपलं काहीतरी बिघडलंय असं नाही एवढं तरी कळलं. आम्ही तिची घरची उशीची खोळ आणि पांघरायची चादर नेली होती, ती घातली. पडद्यांच्या मधून रस्त्यावरचा दिवा सरळ तोंडावर येत होता, तिथे कपाटातल्या पँटच्या हँगरच्या क्लिपा लावून पडदे जोडले. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार बोटभर उघडं. साडेबाराच्या सुमारास तिचा डोळा लागला.

आणि पहाटे चारला तिची हाक आली. जोरात नव्हती, नुसतं ‘अगं ए’ एवढंच. दारं उघडी होती म्हणून मला ऐकू आलं, मी चपला न घालता तशीच पलीकडे. बाबा बेडच्या कडेला बसलेले, सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते, आणि मी काय विचारतेय ते त्यांना नीट लागत नव्हतं. मीटरवर ५८. ७० च्या खाली गेलं की वाट बघायची नसते, १५ ग्रॅम साखर पोटात आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं, हे डॉक्टरांनी आम्हाला पाठ करून दिलंय. ग्लुकोज पावडर बॅगेत होती, पण ती बॅग आमच्या खोलीतल्या कपाटात आणि किटलीच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या हाताशी, तीन-चार फोडून ग्लासभर पाण्यात ढवळल्या आणि त्यांना घोट घोट पाजल्या. नवऱ्याने शून्य दाबून खाली कळवलं, रात्रीचा मॅनेजर वर आला, दारातच थांबला आणि डॉक्टरांना बोलावू का असं विचारलं. पंधरा मिनिटांनी ८१. मग थोडं खायला दिलं, अर्ध्या तासाने परत मोजलं, वर आलं होतं. बाबा म्हणाले, ‘झोपा आता तुम्ही’, आणि तेव्हा कुठे माझ्या पायातली ताकद परत आली.

त्या दिवशी ते नेहमीपेक्षा खूप चालले होते. भरपूर चालणं झालं की शुगर त्याच रात्री झोपेत उतरू शकते, हे इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना माहिती हवं. सकाळी डॉक्टरांना फोन करून रात्रीचा डोस किती घ्यायचा ते विचारलं, ट्रिपभर तसंच केलं, मनाने काही बदललं नाही. आणि पोरांना काहीच कळलं नाही, धाकटी तर मधल्या वेळात कधी उठून आजीच्या बेडवर जाऊन आडवी झाली ते आम्हालाही कळलं नाही.

दुसरा दिवस निवांत. बाबांना दुपारी खोलीत झोपू दिलं, आम्ही पोरांना घेऊन बाहेर. खोली आवरायला येणाऱ्या ताईंना मी सांगून ठेवलं की मधली दारं आवरून झाल्यावर बंद करू नका, आत आजोबा झोपलेत, आधी माझी खोली करा. त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, नाहीतर आम्ही दारं लावूनच घेतो. सुट्टीच्या दिवसांत त्यांच्या अंगावर एका शिफ्टला डझनाहून जास्त खोल्या असतात. टॉवेल रोज बदलू नका असं आम्ही सांगितलं, केर काढून पाणी ठेवलं की पुरे, त्यामुळे त्यांचंही काम हलकं झालं आणि बाबांची झोपही मोडली नाही. त्या रात्री आई साडेदहालाच घोरायला लागली.

चेक-आउटच्या आदल्या संध्याकाळीच दोन्ही खोल्यांचं बिल छापून मागितलं. सकाळी काउंटरवर रांग असते, पोरं कंटाळलेली असतात, अशा वेळी कोणी ओळी वाचत नाही. रिकाम्या करून घेतलेल्या मिनीबारच्या दोन ओळी एका बिलात होत्याच, सांगितल्यावर लगेच काढल्या. उशिरा चेक-आउट एकाच खोलीसाठी मागितला, दोन्हींसाठी नाही, एवढं त्यांना देता येतं, एक वाजेपर्यंत मिळाला. मग सगळं सामान एका खोलीत आणून ठेवलं, दुसरीचं कार्ड वेळेत दिलं आणि बाबा शेवटपर्यंत पाय पसरून बसू शकले. औषधांच्या फ्रीजमधलं पेन घ्यायची चिठ्ठी मी माझ्या मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवली होती, निघताना ते आधी घेतलं. त्या ड्यूटी मॅनेजर आणि रात्री वर आलेला मुलगा या दोघांबद्दल नावानिशी मेल लिहिला, ती माणसं नोकरीपलीकडे जाऊन वागली. कार्डावरचे ब्लॉक पुढच्या आठवड्यात सुटले, एका खोलीचा आधी आणि दुसरीचा दोन दिवसांनी.